त्रेचाळीस लाल रुमाल

राहुरीचे कानिफनाथ दिपोटी तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळच्या गाडीने, मुलाला घेऊन मुलगी पाहायला येत आहेत असे पोस्टकार्ड आले, आणि कोपरगावच्या आसाराम भाऊसाहेबांना आपले घर प्रथमच दिसले. वीस वर्षे ते त्या घरात राहत होते. पण कोनाड्यात बिनकाचेचा कंदील आहे आणि त्या कंदिलात सुतळीचे गुंडे आहेत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कधी आली नव्हती. दाराआड तीन छत्र्या होत्या, तिन्ही मिळून एक उघडेल अशा. माळ्यावर एक पाट होता आणि त्या पाटाचा निखळलेला पाय निराळा जपून ठेवलेला होता. लढाईत काही म्हणून मिळत नव्हते, त्यामुळे पाच वर्षांत त्यांच्या बायकोने, राहीबाईंनी, दोरीचा तुकडासुद्धा टाकला नव्हता. लढाई संपली, पण रेशन संपले नाही, आणि राहीबाईंचा साठाही संपला नाही.

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा अंमलदार. कानिफनाथ निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती, पण तपासणीची सवय काही निवृत्त झाली नव्हती. शाळा हातच्या गेल्यामुळे ते आता लोकांची घरे तपासत. 'घर जसं, तशी पोर' हे त्यांचे ठाम मत होते आणि या मतापायी त्यांनी तीन मुली नाकारल्या होत्या. पहिली कॉटखालच्या चपलांमुळे गेली, दुसरी फळीवरच्या धुळीमुळे. तिसऱ्या घरी त्यांनी माळ्याची फळी नुसती हात लावून पाहिली, तो एक पितळी कढई त्यांच्या पायावर पडली. ती मुलगी दिसायला फार चांगली होती म्हणतात, पण पाय सुजलेला असताना कोण बघतो?

इकडे भाऊसाहेबांची मुलगी पुष्पावती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास होती आणि राहुरीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दिपोटींच्या मुलाला, गोरक्षनाथला, तिने गेल्या वैशाखात मावसबहिणीच्या लग्नात पाहिले होते. तो पंगतीत भात वाढत होता आणि एकाही पानावर त्याने शीत सांडले नव्हते. याबद्दल तिने घरात अक्षर काढले नाही. पण पोस्टकार्ड तिने चार वेळा वाचले, हे राहीबाईंनी चुलीपाशी बसून मोजले.

"पोरीचं मन हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घर तेवढं आवरा म्हंजे झालं."

आता पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरायची आपल्याकडे एक सर्वमान्य रीत आहे. नको ते सगळे शेजाऱ्याकडे टाकायचे आणि पाहुणे गेले की परत आणायचे. शेजारच्या आक्काबाई तेच सांगायला आल्या. "आवं भाऊसाहेब, समदं माज्या गोठ्यात टाका की. म्हैस काय पंचनामा कराया येती व्हय?"

म्हशीची बाजू त्यांनी बरोबर सांगितली होती. पण भाऊसाहेबांचा स्वाभिमान दुखावला. ते काही साधे कारकून नव्हते. मामलेदार कचेरीच्या दप्तरखान्याचे ते मुख्य होते आणि त्या दप्तरखान्यात साठ वर्षांचा कागद असा लावलेला होता की डोळे बांधून मागितला तरी सापडावा. तिथली पद्धत अशी: कागदांचे गठ्ठे लाल कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधायचे, त्याला रुमाल म्हणतात. प्रत्येक रुमालावर क्रमांक. कुठल्या क्रमांकात काय आहे ती यादी, म्हणजे फेरिस्त, साहेबांच्या टेबलावर. आणि प्रत्येक कागदाचा वर्ग ठरलेला. 'अ' म्हणजे कायम ठेवायचे, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा वर्षे, आणि 'ड' म्हणजे वर्ष झाले की नाश. इंग्रजांनी एवढे राज्य केले ते तोफांवर नव्हे, रुमालांवर केले, असे भाऊसाहेबांचे प्रामाणिक मत होते. जी पद्धत तालुक्याला पुरते ती तीन खोल्यांना पुरणार नाही, असे समजायला काही कारण नव्हते.

"लपवाछपवी नको," ते आक्काबाईंना म्हणाले. "मी घराचं दप्तर लावतो."

आक्काबाई "बरं बया" म्हणून उठल्या आणि तडक पाणवठ्यावर गेल्या.

पहिली अडचण कापडाची. बाजारात कापड रेशनकार्डावर, तेही डोई मोजून वारभर. भाऊसाहेबांनी घरातली पाच विटकी लुगडी आणि दोन धोतरे गोळा केली आणि पलीकडच्या आळीतल्या जैनुद्दीन शिंप्याकडे नेली.

"एका लुगड्याचे सात चौकोन निघतील," जैनुद्दीनने वार लावून सांगितले. "धोतराचे चार-चार. एकूण त्रेचाळीस. पण भाऊसाहेब, हे फाटायला आलंय. यात बांधणार काय?"

"घर," भाऊसाहेब म्हणाले.

जैनुद्दीनने कैची खाली ठेवून त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले. मग कचेरीचा माणूस आहे, उद्या आपले काम पडेल, असा विचार करून तो कापायला लागला.

दुसरी अडचण रंगाची. रुमाल लाल हवा, हिरव्या लुगड्याच्या रुमालात शिस्त ती कसली? भाऊसाहेबांनी बाजारातून लाल रंगाच्या पुड्या आणल्या, परसात तांब्याचे घंगाळ चढवले आणि स्वतः धोतर खोचून काठीने ढवळले. रंग लढाईतला होता. कापडावर तो जेमतेम बसला आणि भाऊसाहेबांवर पक्का बसला. सोमवारी ते कोपरापर्यंत लाल हातांनी कचेरीत गेले, तेव्हा मामलेदारसाहेबांनी त्यांना आत बोलावून दार लावून घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, "आसाराम, काय झालंय ते मला आधी सांग." भाऊसाहेबांना हा प्रश्न फार लागला. बावीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीत त्यांनी साधी शाईसुद्धा सांडली नव्हती.

त्याच दिवशी त्रेचाळीस लाल तुकडे परसातल्या दोरीवर वाळत पडले होते, आणि ते अख्ख्या आळीने पाहिले. ज्या दिवसांत लुगड्यासाठी बाया पहाटेपासून दुकानापुढे रांग धरत, त्या दिवसांत एका कारकुनाच्या परसात लाल कापडाची रांग! आक्काबाईंनी पाणवठ्यावर चाळीस लुगडी सांगितली. दुपारी ती ऐंशी झाली. बाजाराच्या दिवशी भाऊसाहेबांकडे कापडाच्या दोन गासड्या उतरल्याचे स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनाही माहीत होते. फक्त भाऊसाहेबांना माहीत नव्हते. ते दप्तर लावीत होते.

आठ दिवसांत घर खरोखर ओळखू येईना. त्रेचाळीस लाल रुमाल भिंतीला लावलेल्या फळ्यांवर ओळीने बसले आणि प्रत्येकावर पुठ्ठ्याचा क्रमांक लटकला. कंदील गेला, छत्र्या गेल्या, पाट आणि पाय एकाच क्रमांकात आले. पण त्याबरोबर जिरेही गेले, पळी गेली, आणि चहाची गाळणी 'किरकोळ लोखंडी' या सदराखाली रुमाल एकतीसमध्ये गेली. घरातले काहीही हवे असले की राहीबाईंनी मागणीचिठ्ठी लिहायची, भाऊसाहेबांनी फेरिस्त पाहून सही करायची, मग रुमाल सुटायचा. राहीबाईंना लिहिता येत नव्हते, म्हणून चिठ्ठ्या पुष्पावती लिही. तिला आठ दिवसांत सगळी फेरिस्त तोंडपाठ झाली, कारण खरी फेरिस्त भाऊसाहेबांनी सुरक्षित राहावी म्हणून एका रुमालात बांधून ठेवली होती, आणि कुठल्या रुमालात ते फेरिस्तीतच लिहिलेले होते.

बुधवारी भाऊसाहेबांनी वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि थांबले.

"मीठ नाही यात."

"चिट्टी दिलीया सकाळी," राहीबाई शांतपणे भाकरी उलटत म्हणाल्या. "मंजुरी यायची हाय."

भाऊसाहेब तसेच जेवले. पद्धत नवी असली की सुरुवातीला थोडा त्रास होतोच.

रविवार उजाडला. सकाळच्या गाडीने राहुरीहून दिपोटी आणि गोरक्षनाथ उतरले. त्याच गाडीने नगरहून पुरवठा खात्याचे एक इन्स्पेक्टर उतरले. स्टेशनवर त्या वेळी टांगा एकच होता, तेव्हा तिघांनी तो मिळून केला. "आसाराम कारकुनाचं घर," तिघेही म्हणाले, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला मुलीकडचा पाहुणा समजून वाटेत फार अदबीने हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

दारात टांगा थांबला. भाऊसाहेबांनी कोटाची बटणे लावली. मुलगा ओळखला, दिपोटी ओळखले, आणि कातडी बॅग घेतलेला तिसरा गृहस्थ म्हणजे मुलाचा मामा, हे त्यांनी स्वतःच ठरवले. मामाचा मान मोठा म्हणून त्यांनी इन्स्पेक्टरांना लोडाशी बसवले, गंध लावले आणि पोह्यांची पहिली बशी त्यांच्या हातात दिली. धाड घालायला गेल्यावर असा मान इन्स्पेक्टरांना नोकरीत प्रथमच मिळत होता. त्यांचा संशय बळावला.

त्यांनी बशी खाली ठेवली आणि घसा खाकरला. "स्पष्टच विचारतो. घरात कापड किती आहे?"

आहेराचा विषय मामाने इतक्या लवकर काढावा हे भाऊसाहेबांना थोडे आडदांडपणाचे वाटले. पण मुलीचा बाप म्हणून ते हसले आणि उदारपणे म्हणाले, "कापडाची काळजी तुम्ही अजिबात करू नका. लागेल तेवढं आहे. दिवस वाईट आहेत, पण आम्ही आधीपासून करून ठेवलंय."

इन्स्पेक्टरांनी बॅगेतून वही काढली आणि हे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. "दडवलेल्या साठ्याची कबुली," ते म्हणाले आणि त्यांनी आपला हुकूम दाखवला. भाऊसाहेबांनी तो वाचला. बावीस वर्षे त्यांनी असले हुकूम फाइलीला लावले होते, पण त्यावर स्वतःचे नाव पाहण्याचा प्रसंग आला नव्हता. आत चहाची गाळणी धरून उभ्या असलेल्या पुष्पावतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले, कारण ही चौथी मुलगी धाडीने गेली असे राहुरीत सांगितले जाणार, हे तिला दिसत होते.

"साहेब, ते रुमाल आहेत हो!" भाऊसाहेब म्हणाले. "आत सामान आहे. बाहेरचं कापडही जुनंच."

"ते उघडल्यावर दिसेल. दोन पंच हवेत. या आळीतले नकोत, सगळे तुमच्या बाजूचे." इन्स्पेक्टरांची नजर फिरली आणि दिपोटींवर थांबली. "आपण परगावचे, प्रतिष्ठित दिसता. बसा इथं. दुसरा कापड ओळखणारा हवा, गावातल्या एखाद्या शिंप्याला बोलवा."

जैनुद्दीन आला. दारात आक्काबाईंसह निम्मी आळी गोळा झाली. आणि जे घर लपवण्यासाठी तीन आठवडे खपले, त्याची गाठ नि गाठ होणाऱ्या व्याह्यांच्या मांडीवर सुटायला लागली.

"रुमाल एक," इन्स्पेक्टर बोलू लागले आणि लिहू लागले. "बरण्यांची झाकणे, नग अकरा. बरण्या?"

"बरन्या फुटल्या," राहीबाई आतून म्हणाल्या.

"बरण्या नाहीत. रुमाल दोन. छत्र्या, नग तीन, निकामी. रुमाल तीन..."

भाऊसाहेबांना वाटले, धरणीने पोटात घ्यावे. दिपोटी मात्र हळूहळू ताठ बसले. चार वर्षांत त्यांना इतके सविस्तर काही तपासायला मिळाले नव्हते. पाचव्या रुमालाला त्यांनी चष्मा लावला. आठव्याला इन्स्पेक्टरांना थांबवून म्हणाले, "थांबा, असं मोघम नको. नुसतं 'खिळे' लिहू नका, 'वाकडे खिळे' लिहा." बाराव्याला त्यांनी मोजणी आपल्याच हातात घेतली. पहिली घरे त्यांनी बाहेरून बोटाने पाहिली होती. इथे सरकारी हुकमाने आतपर्यंत जाता येत होते, आणि म्हातारा मनापासून खूश होता.

मध्येच एक अडचण आली. सोडलेले रुमाल पुन्हा बांधणार कोण? गोरक्षनाथ पुढे सरकला, पण त्याची गाठ सुटायची. पुष्पावतीने ती दोनदा पाहिली आणि तिसऱ्यांदा राहवले नाही. ती बाहेर आली, त्याच्यासमोर बसली आणि कचेरीची गाठ कशी मारतात ते तिने दाखवले. मग इन्स्पेक्टर विचारीत गेले आणि ती सांगत गेली. "सुईदोरा एकोणिसात. सांडशी बावीसमध्ये. आजीचा काढ्याचा खल चोविसात, पण बत्ता सदतिसात, कारण तो दगडी नाही, लोखंडी आहे." फेरिस्त सापडली नव्हती, पण तिची गरज कुणाला पडली नाही.

शेवटचा त्रेचाळिसावा रुमाल राहिला. त्यावर भाऊसाहेबांच्या अक्षरात 'अ' लिहिलेले होते.

"तो नाही सोडला तर चालणार नाही का?" भाऊसाहेबांनी विचारले. इन्स्पेक्टरांचे डोळे चमकले. नवे कापड असलेच तर यातच, हे उघड होते. त्यांनी स्वतः गाठ सोडली.

"झबले, जुने, नग एक," ते वाचू लागले. "टोपडे, एक. लाकडी घोडा, तीन पायांचा. पाटी, फुटकी, तीवर..." ते थांबले. "तीवर 'पुष्पा' असे उलटे अक्षर. काचेच्या बांगड्या, लहान मुलीच्या, नग सहा. डबीत दुधाचे दात. दात किती आहेत?"

"सोळा," भाऊसाहेब म्हणाले. "चार ती कुठं तरी हरवून आली."

राहीबाईंचा कंदील कोनाड्यातून काढून 'ड' वर्गात टाकणारा हा माणूस. त्याने हे कधी जमवले आणि कुठे ठेवले होते, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते. राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. पुष्पावती मान खाली घालून गाठ बांधीत राहिली आणि तिला ती एकदम जमेना, तेव्हा गोरक्षनाथने बांधली. ती या वेळी सुटली नाही.

जैनुद्दीनने सगळे रुमाल चाचपून सांगितले, "साहेब, कापड मीच कापलंय. पाच लुगडी, दोन धोतरं, सगळी विरलेली. नवं सूत एक धागा नाही." इन्स्पेक्टरांनी नाइलाजाने 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असे लिहिले. घामाने सगळ्यांचे हात लाल झाले होते, दिपोटींच्या पांढऱ्या धोतराला गुलाबी ठसे पडले होते, आणि पंचांच्या सह्यांसाठी कागद फिरला.

दिपोटींनी टाक हातात घेतला. तीस वर्षे तपासणी संपली की शाळेच्या वहीत शेरा लिहायची त्यांच्या हाताला सवय. सही करायच्या आधी त्यांनी सवयीने लिहिले: 'घर संपूर्ण तपासले. मांडणी अजब, परंतु प्रामाणिक. मुलगी हुशार. पसंत.' आणि खाली सही ठोकली.

इन्स्पेक्टर उडालेच. "अहो, हे काय? हा पंचनामा आहे! खोडा ते."

"मुलीला विचारलंय का कुणी?" जैनुद्दीन सही करायचा थांबून म्हणाला. "मी पंच आहे. एकाच बाजूचं लिहिलेल्या कागदावर मी सही करणार नाही."

सगळे पुष्पावतीकडे पाहू लागले. तिने एकदा बापाकडे पाहिले आणि म्हणाली, "लिहा, चाचा." जैनुद्दीनने सही केली.

"ते काही नाही," इन्स्पेक्टर कडाडले. "खाडाखोड करा आणि बाजूला सह्या करा!"

तोवर कोपऱ्यात बसलेले भाऊसाहेब उठून उभे राहिले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज दप्तरखान्यातला निघाला. "साहेब, पंचाची सही झाली. आता त्यावर खाडाखोड चालत नाही. नापसंत असेल तर सबंध पंचनामा रद्द करा आणि रुमाल एकपासून नवा करा. माझी हरकत नाही."

"माझीही नाही," दिपोटी उत्साहाने म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी फळ्यांवरच्या त्रेचाळीस रुमालांकडे पाहिले, मग खिशातल्या घड्याळाकडे. परतीच्या गाडीला अर्धा तास होता. त्यांनी कागद तसाच बॅगेत घातला आणि टांगा बोलावला.

मार्गशीर्षात लग्न झाले. त्यानंतर महिन्याभराने नगरच्या कार्यालयातून भाऊसाहेबांना एक लखोटा आला. इन्स्पेक्टरांचा पंचनामा टेबलामागून टेबल फिरत अशा कुणा कारकुनाकडे पोहोचला होता, ज्याने तो शेवटच्या ओळीपासून वाचायला घेतला. त्याने विचारले होते: 'सदर पंचनाम्याअखेर मुलगी, वर्णन हुशार, पसंत, अशी नोंद आढळते. सदर बाब सध्या कोणाच्या ताब्यात असून तुमच्याकडे शिल्लक किती, याचा खुलासा आठ दिवसांत सादर करावा.'

भाऊसाहेबांना त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. सरकारी पत्राला उत्तर द्यावेच लागते. ते पाटावर बसले, टाक घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: 'सदर मुलगी राहुरी येथे रवाना झाली आहे. येथे शिल्लक नाही.' मग त्यांनी ते चूल सारवणाऱ्या राहीबाईंना वाचून दाखवले. शेवटच्या शब्दानंतर चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

राहीबाई सारवायच्या थांबल्या.

"शिल्लक न्हाई काय लिवता?" त्या म्हणाल्या. "संक्रांतीला येनार हाय दोगं. ते बी लिवा."

भाऊसाहेबांनी ते दोन ओळींच्या मध्ये, बारीक अक्षरात, घुसवून लिहिले.